ऊन न पाहिलेली रेती

भिवंडीच्या कामतघर भागातल्या त्या तिसऱ्या मजल्यावर सकाळचे ऊन एकदम येत नसे. आधी ते समोरच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या शेडच्या, पत्र्यावर उतरे आणि रात्रपाळी संपवून आलेला माणूस पायरीवर टेकावा तसे तिथे बराच वेळ नुसते पडून राही. मग पत्र्याच्या कडेवरून गल्लीत येई, वायरींच्या गुंत्यात थोडे अडके, आणि आठच्या सुमारास श्रीनाथच्या खिडकीच्या जाळीला लागे. जाळीवर रुईचा बारीक भुगा कायम बसलेला असे; आई दर रविवारी जाळी झटकी आणि सोमवारी संध्याकाळपर्यंत ती पुन्हा पांढुरकी होई. त्यामुळे आत येणारे ऊन गाळलेले, दुधाळ, कडा नसलेले असे. ते भिंतीवरच्या कॅलेंडरला, मग लोखंडी कपाटाच्या मुठीला, मग फरशीच्या तडकलेल्या चौकोनाला लागत लागत गॅलरीच्या दारापर्यंत जाई. श्रीनाथ अंथरुणात पडल्या पडल्या हा प्रवास रोज पाहत असे. रेतीच्या कणांनी शेवटचे ऊन कधी पाहिले हे शोधून काढणे हेच त्याचे काम. तरी घरातल्या या उन्हाचा आणि त्या कामाचा काही संबंध असावा असे त्याला वाटत नसे. हे ऊन साधे होते. त्याने कुणाचे काही पुसले जात नव्हते.

आज ते गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीवर पोचले तेव्हा कुंडीत काहीतरी चमकले. श्रीनाथ उठून दारात गेला. तुळशीच्या बुंध्याशी, नेहमीच्या काळ्या मातीवर, करड्या रेतीचा एक थर पसरलेला होता, आणि त्यातले अभ्रकाचे कण उन्हात लुकलुकत होते. काही क्षण त्याला ते नुसतेच सुंदर वाटले. भिवंडीत अशी रेती मिळत नाही, खाडीतली रेती याहून काळपट असते, एवढाही विचार त्याच्या मनात येऊन गेला. मग त्याला कठड्याशी पालथी घातलेली ॲल्युमिनियमची नळी दिसली. हातभर लांब, स्वच्छ घासलेली. तिच्यावर शाईने लिहिलेले ‘सात-ब’ घासून फिके झाले होते, पण वाचता येत होते.

“गोदूबाई,” तो म्हणाला. आवाज नेहमीसारखाच खाली गेला. “ही नळी...”

गोदूबाई दिघाशीहून सकाळच्या एसटीने येई आणि आधी गॅलरी धुई. तिने खराटा भिंतीला टेकवला. “ती व्हय? कपाटाखाली व्हती. वैनींनी काल सांगला, कपाटाखालचा समदा काढ. काल्या पिशवीत बांधलेली, वर काली पट्टी. मना वाटला, कोणाच्या अस्थी हायेत का काय! उघारला तं माती. बारीक, गव्हाच्या पिठासारखी. म्हटला फेकायची कशाला, तुळशीत घालू.”

श्रीनाथच्या छातीत काहीतरी सैल झाले. धक्का बसला की असे होते, असे त्याने स्वतःला सांगितले. तो दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला आणि गोदूबाई त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली.

“काय झाला भाऊ? कामाची व्हती?”

“हो,” तो म्हणाला.

मग आई आली, तिने नळी पाहिली, कपाळाला हात लावला. “अगं, त्याच्या लडाखच्या मातीची नळी ती! तिला उजेड लागू द्यायचा नाही म्हणून तो कपाटाखाली ठेवत होता. विचारायचं तरी एकदा!” बाबा वर्तमानपत्रातून डोके न काढता म्हणाले, “मातीला उजेड लागला तर काय होतं?” बाबा शाळेत हेडक्लार्क होते, निवृत्त होऊन चार वर्षे झाली तरी अर्ज अपुरा असल्यासारखा प्रश्न विचारायची सवय गेली नव्हती. मुलाच्या संशोधनाबद्दल त्यांचा एक ठरलेला विनोद होता: खडीच मोजायची तर लडाखला कशाला, आपल्याकडे क्रशर काय कमी आहेत? आजही तो त्यांच्या ओठांपर्यंत आला असावा, पण आईचा चेहरा पाहून त्यांनी पान उलटले.

मातीला उजेड लागला तर काय होते, हे श्रीनाथने त्यांना पूर्वी एकदा नीट सांगितले होते. रेतीचा कण जमिनीखाली अंधारात पडला की आजूबाजूच्या दगडांतला अतिसूक्ष्म किरणोत्सर्ग त्याच्यात थेंबाथेंबाने साठत जातो. जितकी वर्षे अंधारात, तितका साठा. आणि ऊन लागले की तो साठा काही क्षणांत रिकामा होतो, मोजणी पुन्हा शून्यापासून; नमुन्यातल्या काही कणांनाच ऊन लागले तरी आख्ख्या नमुन्याचे वय खोटे, कमी भरते. म्हणून नळी खणलेल्या खड्ड्याच्या भिंतीत ठोकायची, दोन्ही तोंडे बंद करायची, काळ्या पिशवीत बांधायची आणि प्रयोगशाळेत लाल दिव्याच्या खोलीतच उघडायची. बाबा तेव्हा म्हणाले होते, “म्हणजे वाळूला आठवण असते म्हण की.” आठवण हा शब्द श्रीनाथला पटला नव्हता. आठवण आपण हवी तशी वळवू शकतो. कणातला साठा वळवता येत नाही.

तो खोलीत परत येऊन बसला. बाहेर गल्लीतल्या लूमने पाळी बदलली, क्षणभर थांबलेला खडखडाट पुन्हा सुरू झाला, आणि त्या आवाजात त्याला नेहमीप्रमाणे लडाखमधले ते पठार दिसू लागले. तिथे आवाज नव्हता. पहिल्या दिवशी गाडीतून उतरल्यावर त्याला वाटले होते, कुणीतरी मैलोन् मैल खडी अंथरून ठेवली आहे आणि रस्ता करायचा विसरून गेले आहे. मुठीएवढे, अंड्याएवढे, सुपारीएवढे दगड, एकाला एक लागून, एकही दुसऱ्यावर चढलेला नाही. वरून काळे, तेल चोळल्यासारखे. उचलून पाहावेत तर खालून विटकरी. सोबतची संशोधक ईरा त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी पुढे होती आणि हे काम तिच्या प्रबंधासाठी होते. तिने तिथे पहिलाच नियम सांगितला: उचललेला दगड होता तसा, त्याच तोंडाने परत ठेवायचा. काळी बाजू वर. त्या बाजूला काळी व्हायला हजारो वर्षे लागली आहेत, आपल्याला पालथा घालायला एक क्षण. ती हे हसत म्हणाली होती, पण पंधरा दिवसांत तिने एकही दगड उलटा ठेवला नाही. श्रीनाथनेही ठेवला नाही. तो तर खोलीतली पुस्तकेही तशीच ठेवू लागला होता.

ते पठार झाले कसे, हे तो कुणी विचारले असते तर सांगू शकला असता, आणि कुणी विचारत नसे म्हणून स्वतःलाच सांगत असे. आधी डोंगर उठतो. जमिनीच्या दोन कडा एकमेकींना रेटतात, त्यातली एक वर चढते, आणि वर चढलेले काहीही झिजल्यावाचून राहत नाही. हिमनद्या, ओढे, पूर त्या डोंगराचे तुकडे पायथ्याशी आणून टाकतात, पंखा उघडावा तसे पसरून. तोवर ती जागा ओली असते; दरवर्षी नवा थर, दरवर्षी नवे दगड. मग कधीतरी हवामान फिरते. डोंगर इतका उंच होतो की पावसाचे ढग त्याच्या पलीकडेच राहतात, किंवा उठणारी जमीन ओढ्यालाच दुसरीकडे ढकलून देते. पाणी येईनासे होते. वारा मात्र येतो. तो बारीक माती उचलून नेतो, जड ते राहते. थंडीने दगड तडकतात, खारटपणाने त्यांचे पापुद्रे सुटतात, आणि खडीचे वाळवंट तयार होते. पुस्तकात पूर्वी एवढेच असे. पण ईराने त्याला खड्डा खणून दाखवले होते की गोष्ट तिथे संपत नाही. दगडांच्या त्या एकेरी थराखाली वीतभर मऊ, पोकळ, एकही खडा नसलेली माती होती. ती दुरून धुळीच्या रूपाने आलेली, दगडांच्या फटींतून झिरपून खाली बसलेली. धूळ येत राहते, खाली साठत राहते, आणि दगडांना केसाकेसाने वर उचलत राहते. साठ हजार वर्षे ते दगड पृष्ठभागावरच होते. त्यांच्याखालची जमीन वाढत होती. श्रीनाथला हे ऐकून एकाएकी भरून आले होते आणि ते लपवण्यासाठी तो खड्ड्यात वाकून उगीच माप घेऊ लागला होता. आपण लहानपणापासून असेच आहोत, असे त्याला वाटले होते: काही पुरले जात नाही, काही बुडत नाही, फक्त खाली न बोललेले साठत जाते आणि वरचा थर जसाच्या तसा, काळा, नीटनेटका.

पठाराच्या मधून एक पायरी गेली होती. पुरुषभर उंच, सरळ, दोन्ही टोकांना क्षितिजापर्यंत. जमीन तिथे तुटून एक बाजू वर चढली होती. असल्या भेगेची त्याची ओळख जुनी. आठ-नऊ वर्षांचा असताना बाबा त्याला गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर घेऊन गेले होते. त्याने पाय बुडवून लगेच वर घेतला आणि विचारले, हे पाणी कोण तापवतं? बाबांनी थोडा वेळ घेऊन, चौकशी करून सांगतो, असे उत्तर दिले, आणि आठ दिवसांनी खरोखर शाळेच्या भूगोलाच्या सरांकडून लिहून आणलेला कागद दिला: ‘खोल भेग आहे. पाणी खाली जाते, तापते, वर येते.’ तो कागद कपाटात अजून होता. शांत जमिनीखाली भेग असू शकते, या गोष्टीने तो या विषयात आला होता.

पायरीच्या वरच्या बाजूला त्यांनी सहा नळ्या ठोकल्या. सगळ्यांची वये पंचावन्न ते पासष्ट हजार वर्षांच्या आत आली. पायरीच्या खालच्या बाजूला फक्त एकाच खड्ड्याला वेळ मिळाला, सातव्या. त्यात शेजारी शेजारी दोन नळ्या, अ आणि ब. सात-अ मोजली गेली आणि वय आले अकरा हजार. ईराने त्या आकड्यावर आख्खे चौथे प्रकरण नव्याने लिहिले. वरची बाजू साठ हजार वर्षांपासून कोरडी. पायरी उठली, नदी खालच्या बाजूला ढकलली गेली, आणि हिमयुग सरल्यावर तीही आटली. म्हणजे एकाच पठारावर दोन वाळवंटे, एक म्हातारे, एक तरुण. सुंदर होते ते. परीक्षकांनाही ते सुंदर वाटले असावे, पण त्यांनी लिहिले: एका नळीवर एवढा निष्कर्ष? दुसरी मोजा. सात-ब आज बारा वाजता मुंबईच्या प्रयोगशाळेत पोचायची होती.

साडेनऊला फोन आला.

“श्री, निघालास का? मी लाल दिव्याची खोली बारापासून घेतलीय. दुपारनंतर ती दुसऱ्यांची.”

“ईरा,” तो म्हणाला, “सात-ब गेली.”

“गेली म्हणजे? कुठं गेली?”

“घरी. साफसफाईत. बाईंनी उघडली. तुळशीत घातली.”

पलीकडून ती हसली, थकलेले, घशातले. “तुळशीत. गाइड मॅडमना हेच सांगू? हिमयुगानंतरचा गाळ सध्या तुळशीवृंदावनात आहे, येताना उदबत्ती आणा?” मग हसू संपले. “पण ती तुझ्या घरी काय करत होती, श्री?”

“प्रयोगशाळेतलं कपाट रंगवायला काढलं होतं ना...”

“ते रंगवून आठ महिने झाले.”

“आणायची राहून गेली.”

“राहून गेली.” तिने श्वास सोडला. “बरं. रडून ती परत यायची नाही. ऐक, मी परीक्षकांना कळवते, दुसरा नमुना अपघाताने नष्ट झाला. मग सगळा भार सात-अवर. खालच्या बाजूचे दगडही तितकेच काळे कसे, हा मॅडमचा प्रश्न आहेच. मी ते ओलाव्यावर ढकललंय, ओल असली की दगड लवकर काळे पडतात म्हणून. सात-अ तू काढलीस, मी तेव्हा वरच्या खड्ड्यात होते. म्हणून तुझ्याकडून एक वाक्य हवं. नमुना काढल्यापासून मोजेपर्यंत प्रकाश लागला नाही, खाली तुझं नाव. तीन वाजेपर्यंत पाठव. एवढं करशील ना?”

“हो,” तो म्हणाला.

त्याने वाक्य लगेच लिहिले. ‘सात-अ हा नमुना जमिनीतून काढल्यापासून मोजणीपर्यंत प्रकाशापासून पूर्णपणे सुरक्षित होता.’ खाली नाव लिहिले. मग पाठवायच्या आधी चहा घ्यावा असे त्याला वाटले, चहा घेतला. मग वाक्यातले ‘पूर्णपणे’ काढले. मग ते पुन्हा घातले. स्वयंपाकघरातून आईचा आवाज येत होता, खालच्या पट्टीत पण कठीण. “तुझा राग नाही गं. पण त्याचं वर्षाचं काम गेलं. माझंच मन आता घेणार नाही. उद्यापासून नको येऊस. दिवाळीला येऊन साडी घेऊन जा.” भांडी आपटली नाहीत. नळाचे पाणी तेवढे बंद झाल्याचे ऐकू आले.

आपण उठून आत जावे, असे त्याला वाटले. आत जाऊन काय म्हणायचे, ते मात्र सुचेना. थांबा, हा शब्द उच्चारणे त्याला आयुष्यात फारसे जमले नव्हते. कॉलेजात असताना त्याला उतरायचे त्या धामणकर नाक्यावरून शेअर रिक्षा पुढे निघून जाई आणि तो पुढच्या कुणीतरी उतरेपर्यंत गप्प बसून मग उलटा चालत येई. त्या दिवशी पठारावरही तेच. सातव्या खड्ड्यापाशी तो एकटा होता. ड्रायव्हरने तीनदा हॉर्न वाजवला. दुपारनंतर वरचे बर्फ वितळते, ओढ्याचे पाणी चढते, गाडी अडकते. ईरा दुरून हात हलवत होती, चल म्हणून. डोक्यावर ऊन इतके स्वच्छ होते की त्याला वजन असल्यासारखे वाटे. दोन्ही नळ्या ठोकून झाल्या होत्या. ब काढून पिशवीत बांधली होती. मग अ. त्याने ती भिंतीतून ओढली, आणि हॉर्न वाजला, आणि... इथपर्यंत आले की आठवण नेहमी दुसरीकडे वळे. गाडीत बसल्यावर ईराने दिलेल्या जर्दाळूंकडे. तिच्या नखांत अडकलेल्या मातीकडे. ती म्हणाली होती, “तू असलास की मला मागं वळून बघावं लागत नाही, बरं वाटतं.” हे वाक्य त्याने अकरा महिने जपून ठेवले होते, उजेड न लागू देता.

जिन्यात चपलांचा आवाज आला तेव्हा तो फोन हातात घेऊनच दाराबाहेर आला. गोदूबाई दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पिशवी खांद्याला लावत होती.

“गोदूबाई, आईचं... मी बोलतो तिच्याशी.”

“ऱ्हाव द्या. चुकला माझा. इचाराया पायजे व्हता.” तिने वर पाहिले. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते. थोडी मौज होती आणि थोडा राग. “पन भाऊ, एक बोलू? तुमी रागावू नका. सकाली मी सांगला, माती तुळशीत घातली, तवा मी तुमचा त्वांड बगतला. मानसाचा नुकसान झाला की त्वांड पडता. तुमचा पडला न्हाय.”

“म्हणजे?”

“आमचा घरवाला, अनंता, लूमवर हाय ना. दोन वर्सांमागं त्याच्या हातून कापडाचा आख्खा ताका खराब निघाला, मधी मधी धागाच न्हाय. त्यानं गुंडालला तसाच, वर चांगला कपडा ठेवून. दुसऱ्या दिवशी तपासनी व्हती. रातच्याला गोदामाला आग लागली, समदे ताके जलले. शेठ डोक्याला हात लावून बसला. आन् ह्यो घरी येवन दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्यान. बोलला न्हाय काय, निस्ता जेवला.” ती एक पायरी उतरली. “मी तवा त्याला इचारला न्हाय. तुमाला तरी कशाला इचारू? येते. तुळशीला पानी जास्त घालू नका, ती माती पानी धरून ठेवता.”

ती गेली. श्रीनाथ जिन्यात उभा राहिला. जिन्याच्या झरोक्यातून ऊन येत होते आणि त्यात रुईचे तंतू अतिशय सावकाश खाली उतरत होते, कुठे ना कुठे बसण्यासाठी. आपण ती नळी आठ महिने कपाटाखाली का ठेवली, असा प्रश्न त्याने स्वतःला पहिल्यांदाच शब्दांत विचारला. प्रयोगशाळेत गेली असती तर कुणीतरी कधीतरी मोजली असती. मोजली असती तर साठ हजार आले असते. हे त्याला ठाऊक होते. दगडांनी तर तिथेच सांगितले होते. खालच्या बाजूचे दगड वरच्यांइतकेच काळे होते, आणि उलटे ठेवलेले नव्हते. नवीन वाळवंट तिथे नव्हतेच. एकच पठार होते, जुने, मधून तुटलेले. आणि ईरा आज त्या तुटक्या जागेवर आपली चार वर्षे उभी करणार होती, त्याच्या एका वाक्याच्या आधाराने. आणि उद्या सकाळी गोदूबाई दिघाशीहून येणार नव्हती.

त्याने वाक्य पुन्हा वाचले. ते व्याकरणाने शुद्ध होते. मग त्याने ते पुसले आणि ईराला फोन लावला. तिने पहिल्याच घंटेला उचलला.

“पाठवलंस?”

“नाही. थांब,” तो म्हणाला. त्याला आपलाच आवाज जिन्यात मोठा वाटला. “जरा थांब, ईरा.”

“थांबलेय. काय झालं?”

खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. पुढचे बोलायला त्याला काही जुळवावे लागले नाही; ते तसेच, त्याच तोंडाने, तिथे पडलेले होते.

“सात-अ माझ्या हातून सांडली होती,” तो म्हणाला. “भर उन्हात. मी ती ओंजळीने परत भरली.”